फुकट की मुक्त? लॅपटॉपमध्ये नेमकं काय 'आलेलं' असावं?



नेट-सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, संशोधनाला लागण्याआधी कोणतं सॉफ्टवेअर शिकून ठेवू? आणि नवा लॅपटॉप घेतला तर त्यात सगळं आलेलं असतं ना?" आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. कारण 'सगळं आलेलं' म्हणजे काय, ते कोणी ठरवायचं, आणि त्यातलं किती आपल्या मालकीचं, हे मला फार उशिरा कळलं. माझीच गोष्ट आधी सांगते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी मुरबे-सातपाटीच्या खाडीतलं पाणी तपासत होते. सहा जागा, बारा महिने, म्हणजे ७२ नमुने. पहाटेची भरती-ओहोटी बघायची, बाटल्या भरायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवून रिक्षा आणि लोकल पकडून प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर फॉस्फेट आणि नायट्राइट मोजायचं. प्रत्येक नमुन्याचा पूर्ण आलेख यंत्राला जोडलेल्या संगणकात साठत होता. प्रबंधात मी फक्त शेवटचे आकडे लिहिले. मूळ फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि निश्चिंत झाले.

तीन वर्षांनी पीएचडीत त्याच खाडीचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवायची वेळ आली. मार्गदर्शक म्हणाल्या, "जुन्या आलेखांची आधाररेषा पुन्हा तपासून घे." पेन ड्राइव्ह लावला. ७२ फायली होत्या, पण एकही उघडेना. त्या फक्त त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडत होत्या, ते सॉफ्टवेअर एका डोंगलवर चालत होतं, आणि मधल्या काळात तो संगणक भंगारात गेला होता. पाणी मी आणलं, प्रयोग मी केला, फायलीही माझ्या हातात होत्या. तरी त्या वाचायला मला दुसऱ्याची परवानगी हवी होती.

चूक माझीच. प्रत्येक फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवायला अर्धा मिनिट लागलं असतं. पण तेव्हा तसं सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आज मी तुम्हाला सांगते आहे.

आधी शब्द नीट लावू

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ अडकलेत. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपलं काम सोपं. एक फुकट, दुसरा मुक्त. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे वापरणाऱ्याला काही हक्क मिळतात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे चार हक्कांची व्याख्या पक्की झाली: कार्यक्रम हव्या त्या कामासाठी चालवायचा, तो आतून कसा चालतो ते पाहायचं आणि बदलायचं, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्यायच्या, आणि आपण बदललेली प्रतही वाटायची. हे हक्क टिकायचे तर सोर्स कोड, म्हणजे कार्यक्रमाचा मूळ लिखित मजकूर, हाती असायला हवा.

आता चार चौकटी डोळ्यांपुढे आणा.

फुकट पण बंद: गूगल क्रोम. पैसे पडत नाहीत, पण तुमच्या हातात आलेल्या क्रोमचा पूर्ण सोर्स कोड तुम्हाला मिळत नाही.

मुक्त आणि फुकट: लिब्रेऑफिस, आर, पायथन, क्यूजीआयएस.

मुक्त पण व्यापारी: रेड हॅटचं लिनक्स. सॉफ्टवेअर मुक्त, कंपनी पैसे घेते ते देखभालीचे आणि आधाराचे. हा धंदा इतका चालला की २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

बंद आणि व्यापारी: मॅटलॅब, एसपीएसएस, आणि बहुतेक यंत्रांबरोबर येणारी सॉफ्टवेअर.

म्हणजे 'व्यापारी' आणि 'मुक्त' हे एकमेकांचे शत्रू नाहीत. मुक्तचा खरा विरुद्धार्थी शब्द 'बंद'. मुलाखतीत हा फरक नीट सांगता आला तर समोरचे खूश होतात, हा अनुभव आहे.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय काय येतं?

तीन थर समजा.

सगळ्यात खाली गाभा, म्हणजे कर्नल. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वाटणी तो करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेलं लिनक्स म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर फक्त हा गाभा.

मधला थर सोयींचा. फायली ठेवायची व्यवस्था, छपाई, नेटवर्क, फॉन्ट, कळफलक, अक्षरांची जोडणी. हा थर दिसत नाही, पण तो नसला तर वरचं काहीच चालत नाही.

सगळ्यात वर रोजचे कार्यक्रम: ब्राउझर, गाणी वाजवणारा, चित्रं दाखवणारा, लेखन आणि तक्ते.

खालच्या दोन थरांबद्दल फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते वरच्या थराबद्दल. बनवणाऱ्याने स्वतःचेच कार्यक्रम आधीपासून भरून द्यावेत का? वापरणाऱ्याला ते सोयीचं असतं. पण जो आधीपासून बसलेला असतो त्याला उठवायला कोणी जात नाही. विरार लोकलमधली खिडकीची जागा आठवा.

न्यायालयापर्यंत गेलेली खिडकीची जागा

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर जोडून दिल्यामुळे नेटस्केपसारख्या दुसऱ्या ब्राउझरला जागाच उरत नाही, हा मुख्य आरोप होता. २००० मध्ये न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण मक्तेदारीचा गैरवापर झाल्याचा ठपका काही अंशी कायम ठेवला. दरम्यान नेटस्केपने १९९८ मध्येच आपला कोड खुला केला होता. त्यातून मोझिला आणि पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स आला.

युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज विकायला लावली. ती बाजारात आली, पण किंमत नेहमीच्या विंडोजइतकीच! मग ती कोण घेणार? कोणी फारशी घेतली नाही. यातून एक धडा मिळतो. नुसतं काढून टाकल्याने वापरणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. २००९ मध्ये आयोगाने वेगळी वाट धरली. विंडोजने ब्राउझरची यादी दाखवायची आणि वापरणाऱ्याने निवडायचं, असं ठरलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप्स संचानेच घ्यावी लागत होती, एक हवं तर सगळी घ्या, हा त्यातला मोठा मुद्दा होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरतं जाहीर केलं की फोन कंपन्यांना ॲप्स सुटी घेता येतील. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाच्या काही सूचना काढून टाकल्या.

लक्षात घ्या, अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि मूळ अँड्रॉइडचा कोड खुला आहे. तरीही भांडण झालं. म्हणजे गाभा मुक्त असणं पुरेसं नाही. वर काय बसवलं आहे आणि ते काढता येतं का, तेही बघावं लागतं.

दुसरं टोक: सगळं मुक्तच हवं

डेबियन नावाची लिनक्सची एक जुनी आणि तत्त्वाला पक्की आवृत्ती आहे. तिचा नियम असा की मूळ संचात फक्त मुक्त सॉफ्टवेअर. पण अनेक लॅपटॉपमधल्या वायफाय चिपला फर्मवेअर लागतं आणि ते बंद असतं. परिणाम काय? डेबियन बसवायला घ्यावं तर वायफाय चालू होत नाही, आणि वायफायशिवाय फर्मवेअर उतरवता येत नाही. नवशिका माणूस तिथेच हात टेकतो.

२०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं आणि असं फर्मवेअर बसवण्याच्या संचात द्यायचं ठरवलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते लागू झालं. पण त्यासाठी वेगळा कप्पा केला आणि काय बसवलं जातंय ते वापरणाऱ्याला सांगायचं ठरलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तत्त्व सोडलं नाही आणि माणसालाही दारात अडवलं नाही.

आपल्याच लिपीची गोष्ट

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय असलंच पाहिजे, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. तुम्ही आत्ता वाचताय ती देवनागरीच बघा.

एक काळ असा होता की संगणकाला मराठी येत नव्हतं. ते वेगळं विकत घ्यावं लागे. पुण्याच्या सीडॅकने जिस्ट कार्ड आणि पुढे आयएसएम आणलं, मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी, शिवाय आकृती. या मंडळींनी मोठं काम केलं, त्यात शंका नाही. त्यांच्याशिवाय मराठी छपाई संगणकावर आली नसती. पण अशा बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरांची मांडणी ज्याची त्याची वेगळी होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. त्यामुळे एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की खिचडी दिसायची. तुमच्या महाविद्यालयातल्या जुन्या मराठी फायली उघडून बघा, म्हणजे कळेल.

प्रमाण मात्र होतं. भारतीय मानक ब्युरोचं इस्की १९९१ चं, आणि युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. अडचण अशी होती की ते प्रमाण ऑपरेटिंग सिस्टिमच्या मधल्या थरात उतरलेलं नव्हतं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी आली. पण पुढे एक्सपीमध्येसुद्धा भारतीय लिपी आपणहून चालू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, खूण करायची आणि सीडी घालायची. ती सीडी किती जणांकडे असायची? मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. ते कोणीही घ्यावेत, वाटावेत, सुधारावेत. त्यामुळे लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांमध्ये भारतीय लिपी आधीपासूनच येऊ लागल्या. सीडॅकचं बॉस लिनक्स २००७ मध्ये आलं, तेही डेबियनवर उभं राहून आणि भारतीय भाषांसह.

आज तुम्ही फोनवर मराठी लिहिता आणि ते जगात कुठेही तसंच दिसतं. लिपी दुकानातून विकत घ्यायची वस्तू राहिली नाही, ती पायात आली, म्हणून हे जमलं. माझं मत असं की सगळ्यांना लागणारी, आणि जिच्याशिवाय आपलं लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही अशी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असलीच पाहिजे आणि ती खुल्या प्रमाणावर उभी असली पाहिजे. बाकीचं आलेलं असो वा नसो, ते काढता आणि बदलता आलं पाहिजे.

संशोधकाला एवढी काळजी कशाला?

कारण आपल्या धंद्यात "दाखव" म्हटलं की दाखवावं लागतं.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगोफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी निबंध लिहिला. देशाचं कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ बसते, असा त्याचा सूर होता. सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्के दाखवली होती. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातला गृहपाठ म्हणून तो निबंध पुन्हा करायला घेतला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे एक्सेलची फाईल मागितली आणि त्यांनी ती दिली. सूत्रातल्या ओळींच्या निवडीत पाच देश सुटले होते. काही वर्षांची माहिती वगळली होती आणि सरासरी काढायची पद्धतही वादाची होती. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा २.२ टक्के आला. तुमच्यासारखाच एक विद्यार्थी हे करू शकला, कारण फाईल मिळाली आणि ती उघडली.

दुसरं उदाहरण जीवशास्त्रातलं. एक्सेल काही जनुकांची नावं तारीख समजून बदलून टाकतं. 'सेप्ट २' लिहिलं की २ सप्टेंबर. २०१६ मधल्या एका अभ्यासात, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा नावांसाठी नवे नियम जाहीर केले. म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका सवयीपुढे शास्त्राने नावं बदलली! कंपनीने ही सवय बंद करायचा पर्याय दिला तो २०२३ मध्ये.

माझ्या नमुन्यांना मी 'जागा-महिना' असे क्रमांक दिले होते. तिसरी जागा, चौथा महिना म्हणजे ३-४. एक्सेलने मुकाट्याने त्याची तारीख केली. प्रबंध बांधायला जायच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं, म्हणून वाचले.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चुका नसतात असं नाही. भरपूर असतात. फरक एवढाच की तिथे कोणीही आत डोकावून "ही चूक इथे आहे" असं बोट ठेवू शकतो.

तारापूरकडून शिकण्यासारखं

बोईसरला राहून हे उदाहरण दिलं नाही तर चुकल्यासारखं होईल. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या अमेरिकी बनावटीच्या, त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही १९६३ च्या करारानुसार अमेरिकेतूनच यायचं. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि पुरवठा अडला. अणुभट्टी आपली, जमीन आपली, माणसं आपली, पण इंधन दुसऱ्याच्या मर्जीवर. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करायचं मान्य केलं म्हणून निभावलं. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या, त्या स्वदेशी आराखड्याच्या आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. समृद्ध इंधनासाठी कोणाच्या दारात उभं राहायला नको.

म्हणून पहिल्या दोन बंद केल्या का? नाही. त्यांनी अनेक दशकं वीज दिली. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. व्यापारी सॉफ्टवेअर वापरणं चूक नाही. मात्र पुरवठा थांबला तर काय करायचं, याचं उत्तर आधी तयार हवं. विद्यापीठाचा परवाना तुमची पदवी होईपर्यंतच असतो. त्यानंतर तुमचे आलेख कोण उघडणार?

आपल्या भागात हे कुठे उपयोगी पडतं?

तारापूर एमआयडीसीत औषधं, रंग, रसायनं यांचे कारखाने आहेत. तिथे ऊर्ध्वपातनाचा मनोरा बांधण्याआधी संगणकावर तो चालवून पाहतात. त्यासाठीची व्यापारी सॉफ्टवेअर महाग असतात, विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. त्याच कामासाठी डीडब्ल्यूसिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ब्राझीलच्या डॅनियल मेदेइरोस यांनी ते सुरू केलं.

पवईच्या आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प त्याचा भारतात प्रसार करतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने तो चालतो. सायलॅब, आर, ओपनफोम, विद्युत मंडलांसाठी ईसिम, पोलादी बांधकामासाठी ओसडॅग अशी बरीच कामं तिथे चालतात. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून द्यायची, किंवा डीडब्ल्यूसिममध्ये प्रक्रियेचा आराखडा करून द्यायचा, अशा कामांत विद्यार्थ्यांना भाग घेता येतो. जोडीला स्पोकन ट्युटोरियल आहे. छोटे छोटे दृक्‌श्राव्य धडे, आणि त्यातले बरेचसे मराठीतही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून येणाऱ्या आणि इंग्रजीमुळे बिचकणाऱ्या मुलांना मी आधी तेच दाखवते.

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे घरातला चांगला चालणारा जुना लॅपटॉप एकदम 'जुना' ठरला. दादाने वापरून दिलेला लॅपटॉपच ज्यांच्याकडे आहे, त्यांनी काय करायचं? हलकं लिनक्स बसवलं तर तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं सुरक्षित चालतो, आणि लिब्रेऑफिस बहुतेक वेळा त्यात आधीच आलेलं असतं.

व्यापारी बाजूचंही ऐकून घ्या

एकतर्फी लिहिलं तर तो प्रचार होईल. तीन गोष्टी मान्य करायला हव्यात. एक, यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर बहुधा त्याच कंपनीचं असतं, तिथे पर्याय नसतो. दोन, रात्री अकरा वाजता काही अडलं तर पैसे घेणारी कंपनी निदान फोन तरी उचलते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला विचारत आणि वाचत बसावं लागतं. तीन, कारखान्यात नोकरी करायची तर तिथे जे चालतं ते यावंच लागतं.

पण चौथी एक वाट आहे, ती मात्र धरू नका: क्रॅक केलेली प्रत. "सगळेच वापरतात" हे खरं असेल, पण त्याबरोबर व्हायरस येतो, आणि निबंधात कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते लिहावं लागतं. तिथे काय लिहिणार? परवडत नसेल तर मुक्त घ्या. चोरून घेतलेलं बंद सॉफ्टवेअर हे फुकटही नव्हे आणि मुक्तही नव्हे.

आता करायचं काय?

नवा लॅपटॉप असो की जुना, संशोधनाला लागण्याआधी एवढं करा.

१. प्रत्येक मोजणी त्याच दिवशी दोन रूपांत साठवा: यंत्राच्या स्वरूपात, आणि साध्या मजकुरात किंवा सीएसव्हीमध्ये. मूळ फाईलला पुन्हा हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर करायचं.

२. नमुन्यांना तारखेसारखे क्रमांक देऊ नका. माझ्या ३-४ ऐवजी 'जा३म०४' असं काही लिहा.

३. आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन, यातलं एक नीट शिका. मॅटलॅब येत असेल तर ऑक्टेव्ह फार परकं वाटणार नाही. माउसने केलेलं काम विसरायला होतं, लिहून केलेलं काम पुन्हा चालवता येतं.

४. संदर्भांसाठी झोटेरो वापरा. प्रबंध लेटेकमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये. वर्डमध्येच द्यायचा असेल तर द्या, पण एक पीडीएफ प्रतही ठेवा.

५. मराठी लिहायचं तर युनिकोडमध्येच. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला दोन आठवडे पुरतात, आणि तो विंडोज, लिनक्स दोन्हीकडे असतो.

६. कोणतंही सॉफ्टवेअर घेताना स्वतःला विचारा: उद्या हे बंद पडलं, तर माझं काम घेऊन मला बाहेर पडता येईल का?

सहावा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. किंमत नंतर बघा, आधी बाहेर पडायचा दरवाजा बघा. स्वस्त-महाग हा प्रश्न एका वर्षाचा असतो, पण आपलं काम आपल्याला वाचता येणं हा प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे.

माझे ते ७२ आलेख मला परत मिळाले नाहीत. प्रबंधात छापलेले आकडे वापरता आले, पण आधाररेषा पुन्हा तपासता आली नाही, आणि तसं मला नव्या प्रबंधात स्पष्ट लिहावं लागलं. खाडी तिथेच आहे, पण त्या वर्षीचं पाणी आता कोणालाच पुन्हा भरून आणता येणार नाही.

म्हणून आज रात्री एक काम करा. तुमच्या प्रकल्पाची सगळ्यात जुनी फाईल दुसऱ्या कुठल्यातरी संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. उघडली तर छान. नाही उघडली, तर मूळ संगणक चालू आहे तोवर उद्याच तिची साधी प्रत काढा.